नळीसमोर कोणी उभं राहू नये

मी एक जुनी रायफल आहे. मित्रांनो, माझी गोष्ट खरं तर कारखान्यापासून सुरू व्हायला हवी. पण मी ती १९५६च्या जानेवारीतल्या एका शुक्रवारपासून सांगते. त्या दिवशी विशेष काही घडलं नव्हतं.

भायखळ्याजवळच्या एका लहान संग्रहालयात मी लाकडी चौकटीवर आडवी ठेवलेली असते. शिपाई भिवा जुन्या धोतराच्या फडक्याने मला शिवणयंत्राचं तेल लावत होते. त्यांचे वडील पलटणीत होते. रिकामी बंदूकही भरलेलीच समजायची, हा त्यांच्या घरचा नियम.

"अरे भिवा, शंभर वर्षांची म्हातारी ती," दुसरे शिपाई सीताराम हसले. "आता काय चावणार?"

"म्हातारीचं तोंड कधी सुटेल, सांगता येतं का?" भिवा म्हणाले.

म्हातारी मी होतेच. विलायतेत माझी नळी घडली, अक्रोडाचा दस्ता बसला. जहाजाने मुंबई बंदरात उतरले आणि पलटणीत गेले. दारू आणि गोळी तोंडातून भरायची, गजाने ठासायची. गोऱ्या साहेबांनी माझ्या नेमाची तारीफ केली. माझ्यातून गोळ्या सुटल्या, त्या कुठे पोचल्या ते मी पाहिलं नाही. पुढे नव्या बंदुका आल्या आणि माझा घोडा काढून मला इथे आणलं.

त्या शुक्रवारी ठाकूरद्वारच्या एका शाळेचा वर्ग आला. बाई होत्या ललिता, भिवांची एकुलती मुलगी. सकाळी दोघं घोडपदेवच्या एकाच खोलीतून निघाली होती. वडील शिपाई आहेत, हे तिने शाळेत कोणाला सांगितलं नव्हतं.

मुलं माझ्या तोंडाशी गोळा झाली. भिवा पुढे आले. घरी तिला 'लले' म्हणणारा तो माणूस म्हणाला, "बाई, मुलांना जरा बाजूला घेता का? नळीसमोर कोणी उभं राहू नये."

एका मुलीने विचारलं, "बाई, हे तुमच्याकडे बघून हसतायत. ओळखीचे आहेत?"

"इथले शिपाई आहेत," ललिता म्हणाली.

"हो, इथलाच," असं म्हणून भिवांनी फडकं उचललं.

सोमवारी बातमी आली की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. शहर पेटलं. भिवा मोर्चात नव्हते, कामावर यायला निघाले होते. घोडपदेवच्या नाक्यावर पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात ते गेले. सीताराम हे कोणाला तरी सांगत होते, तेव्हा मला कळलं. ती गोळी माझ्याच जातीच्या एका बंदुकीतून सुटली होती.

पुढचे चार पावसाळे मला कोणी तेल लावलं नाही. माझ्या पाटीवर कारखाना आहे, साल आहे. मित्रांनो, वस्तू टिकते ती कोणाच्या तरी हातामुळे. जुनी वस्तू बघाल तेव्हा त्या हाताचं नावही विचारा.

महाराष्ट्र राज्य झालं, त्या वर्षी ललिता नवा वर्ग घेऊन आली. केस थोडे पिकले होते. एका मुलाने विचारलं, "बाई, हिला एवढा गंज कसा? कोणी पुसत नाही का?"

सीताराम म्हणाले, "पुसायचा एक माणूस." आणि ललिताकडे न बघता खिडकीकडे वळले.

"माझे वडील पुसायचे," ललिता म्हणाली. "भिवा नाव त्यांचं. इथे शिपाई होते. अशीच एका वर्गाला घेऊन मी आले होते, तेव्हा ते इथेच उभे होते. हे माझे वडील आहेत, असं मी तेव्हा म्हटलं नाही."