रबरी हाताचे वीसपैकी वीस

आमच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मोठ्या बाईंच्या थोरल्या लेकीला जुळे झाले, त्या वर्षी मी या नर्सिंग कॉलेजात आलो. मित्रांनो, मी सरावाचा एक जुना रबरी हात आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळे आहे, फक्त पुढे माणूस नाही. माझ्या कातडीखाली बारीक नळ्या आहेत आणि त्यांतून लाल पाणी फिरते. मला सुया टोचून मुली शीर शोधायला शिकतात.

मोठ्या बाई शिकवत, तेव्हा दर परीक्षेआधी माझी कातडी बदलत. जुन्या कातडीवर भोके पडतात, त्यांच्या मागे गेले की आंधळ्यालाही शीर सापडते, असे त्या म्हणत. त्यांच्याकडून वीसपैकी बारा मिळाले तरी मुली एकमेकींना मिठ्या मारत. पाठीमागे मात्र त्यांना 'चिकट बाई' म्हणत.

पुढे हा विषय मोठ्या बाईंकडून धाकट्या सरांकडे गेला. माणूस मनाने चांगला. कुणाचे तोंड उतरलेले त्यांना बघवत नसे. शिवाय मार्क भरपूर पडले की प्रवेशाला गर्दी होई, वरचे साहेबही खूश. माझी कातडी बदलणे हळूहळू मागे पडले. मुली जुन्याच भोकात सुई घालत, लाल पाणी येई आणि सगळ्यांना वीसपैकी वीस. जाता जाता मला कुरवाळत. मलाही बरे वाटे.

एकदा ऐन शेवटच्या परीक्षेत सर आजारी पडले आणि काम मोठ्या बाईंकडे आले. मला पाहून त्या म्हणाल्या, "अरे, तुझी तर चाळणी झाली!" त्यांनी मला नवी कातडी चढवली.

पहिली आली ती वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. तिला सगळ्या 'टॉपर' म्हणत. मोठ्या रुग्णालयातली नोकरी तिच्या हातात आल्यातच जमा होती. फक्त हे मार्क यायचे होते. तिने टोचले. कोरडे. पुन्हा टोचले. कोरडेच. बाईंनी सहा लिहिले.

"सहा? बाई, मला वीसच्या खाली कधी पडलेच नाहीत!"

"तुला कुठे पडले गं? त्या भोकांना पडले."

"माझी नोकरी जाईल हो."

"जाईल, बाळा." बाईंचा आवाज खाली आला. "पण उद्या तुझ्यापुढे खरा हात असेल. तो ओरडेल."

सरांचा फोन आला. "पोरीचं नुकसान कशाला, बाई? द्या ना वाढवून."

"देते की. शीर सापडू दे."

नोकरी खरेच गेली. टॉपर कितीतरी दिवस बाईंशी बोलली नाही. मग एका दुपारी तोंड फुगवूनच आली आणि बाह्या वर सारून माझ्यासमोर बसली.

"डोळ्यांनी नको शोधूस," बाई म्हणाल्या. "बोटाला विचार."

पुढे ती रोज येऊ लागली. ज्या दिवशी लाल पाणी आले, त्या दिवशी बाईंनी सहा खोडून तेरा केले. टॉपर त्या तेराकडे बघून रडली.

मित्रांनो, कमी मार्क देणाऱ्यावर खुशाल रागवा, पण कुठे चुकले ते त्यालाच विचारा. आणि माझ्यासारखा कुणी तुमच्याकडे असेल, तर त्याची कातडी वेळेवर बदला. फार सोपा झालेला हात कुणाला काही शिकवत नाही.

टॉपर एका लहान दवाखान्यात लागली. काही वर्षांनी, हिवाळ्याच्या सुरुवातीला, मोठ्या बाई आजारी होऊन तिथेच आल्या. त्यांचे हात वाळून काटकी झाले होते, कुणालाच शीर सापडेना. टॉपरने बोट फिरवले आणि पहिल्याच सुईला सलाइन लावले. हे तिनेच मला येऊन सांगितले. बाई मात्र वाचल्या नाहीत. त्याच हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, त्या वारल्या.