फळीवरचं घड्याळ

माझा नवरा मनकवडा आहे, असं मी धाकट्या बहिणीला फोनवर छातीठोकपणे सांगत होते. लग्न करून या परक्या देशात आले, तेव्हा सुरुवातीला माझ्या डोक्यात परतीच्या तिकिटाशिवाय दुसरं काही नव्हतं. तो कामावर गेला की इमारत चिडीचूप. शेजारीण जिन्यात भेटली की हसायची आणि दार लावून घ्यायची. मी ओट्यापाशी उभ्यानेच काहीतरी पोटात ढकलायची, मनसोक्त रडून घ्यायची आणि तो यायच्या आत तोंड धुऊन तयार.

पण हा पठ्ठ्या न सांगता ओळखायचा. सुरी बोथट म्हणून मी एकटीच चरफडले, तर संध्याकाळी नवी सुरी हजर. कंबर धरली त्या दिवशी शेकायची पिशवी आली. रडून डोकं दुखलं त्या दिवशी म्हणाला, चल, जरा फिरून येऊ. मी विरघळलेच. ज्याला आपलं मन असं कळतं त्याला सोडून कुठे जायचं, म्हणून मी राहायचं ठरवलं होतं. बहीण म्हणाली, नशीब काढलंस.

तेवढ्यात मागून सासूबाई बोलल्या.

"अगं, दूध उतू जातंय."

सासूबाई तर साता समुद्रांपलीकडे. मी बहिणीचा फोन तसाच कापला. शेगडी बंद करण्याइतकी शुद्ध होती, तेवढी केली आणि मग वळून पाहिलं. फळीवर डब्यांशेजारी वेळ आणि हवामान दाखवणारं पडद्याचं घड्याळ असायचं. त्यात आता सासूबाईंचा चेहरा होता. त्या भाजी निवडत होत्या.

मी विचारलं, "आई, तुम्ही कधीपासून बघताय?"

त्या जराही ओशाळल्या नाहीत. मुलगा इथे एकटा होता तेव्हा त्यानेच हे बसवलं म्हणे. तो स्वयंपाक करायचा, त्या तिकडून मीठमसाला सांगायच्या. त्यांनी बटण दाबलं की इथलं सगळं दिसायचं, कोणी काही उचलायची गरज नाही. सून आली तरी सवय सुटली नाही. मी बिचकेन म्हणून स्वतःचा चेहरा तेवढा त्या दिसू द्यायच्या नाहीत. आज दूध वाया जाताना बघवलं नाही.

"तू उभ्याने जेवतेस, रडतेस. त्याला बिचाऱ्याला कसं कळणार? मग मीच दुपारी फोन करून सांगते. सुरीचंही मीच सांगितलं. आणतो की नाही गुणाचा?"

रडताना मी कशी दिसते ते माझ्या आईलासुद्धा कधी दाखवलं नव्हतं. तरी सासूबाईंचा म्हणावा तेवढा राग आला नाही. त्या निदान बघत तरी होत्या. राग आला तो त्या मनकवड्याचा, आणि त्याच्यावर विरघळणाऱ्या माझा. यापुढे मीच रोज फोन करेन, असं त्यांना सांगितलं, वायर उपसली आणि घड्याळ कपाटात कोंबलं.

संध्याकाळी तो रिकाम्या हातांनी आला. आज आईचा फोनच आला नाही, असं पुटपुटत बूट काढायला लागला. ते घड्याळ काय करतं ते मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारल्यावर त्याचा चेहरा पडला. सवयीचंच होऊन गेलं होतं, म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "खरं सांगू? तुला काय हवं असतं ते मला कळतच नाही गं. आईला कळतं."

"मग आज तूच बघ. मला काय झालंय, ते तू सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझे डोळे सुजलेले होते, नाक लाल झालं होतं, रस्त्यावरच्या माणसालाही कळलं असतं. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून हळूच रिकाम्या फळीकडे गेली.