डावा कान

कॅनडाहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एका अनोळखी म्हशीवाल्यानं क्रांतीला विचारलं, "काय बाळ, तुझ्या खोलीतला हीटर केला का न्हाय त्या घरमालकानं दुरुस्त?"

क्रांती त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. हा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. विनिपेगमधल्या तिच्या तळघरातल्या खोलीचा हीटर ऐन डिसेंबरात बंद पडला होता हे खरं, पण ते तिनं आईला सांगितलं नव्हतं, वडिलांना सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त आज्जाला, म्हणजे तिच्या वडिलांच्या वडिलांना, हंबीररावांना. आणि हंबीरराव तर पलीकडं पाठमोरे उभे राहून म्हशीची धार बघण्यात दंग होते.

"झाला दुरुस्त," ती कशीबशी म्हणाली.

"मग ब्येस झालं. आमी लई काळजीत हुतो," म्हशीवाला कृष्णात म्हणाला आणि त्यानं फेसाळलेला गिलास तिच्या हातात दिला.

गंगावेशीचा दूधकट्टा म्हणजे काय प्रकरण आहे हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. सकाळ-संध्याकाळ म्हशी रस्त्यावर येऊन उभ्या राहतात, गवळी डोळ्यांदेखत धार काढतात, दूध कोमट असतानाच प्यायचं. गिलास रिकामा व्हायला मिनिटभर पुरतं, पण माणसं तासभर हलत नाहीत. तेवढ्यात गल्लीचा, राज्याचा आणि शेजारच्या घरातल्या लग्नाचा निकाल लागतो. हंबीररावांचा दिवस इथंच सुरू व्हायचा. उद्यमनगरातल्या कारखान्यात लोखंड ठोकण्यात त्यांची उमर गेली. बायको गेल्यावर मुलगा त्यांना वारणानगरला न्यायला बघत होता, तिथं तो डेअरीत नोकरीला होता. पण कट्टा सोडून हा गडी कुठं जायला तयार नव्हता. क्रांती शाळा-कॉलेजला असताना याच आज्जाजवळ राहिली आणि त्याच्यासारखीच यंत्रांच्या नादाला लागली.

तिनं गिलास तोंडाला लावला आणि दुसरा एकजण जवळ आला. "ती पंजाबी पोरगी, तुझा कुकर घिऊन गेल्याली. दिला का परत?"

त्याच्या मागून तिसरा म्हणाला, "आनी त्या खिडकीतनं अजून नुसती बुटंच दिसत्यात का गं?"

क्रांतीनं गिलास खाली घेतला. तिच्या खोलीची खिडकी जमिनीच्या पातळीला होती. त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे, आणि बुटांवरून माणसं ओळखायचा तिला छंदच लागला होता. हेसुद्धा तिनं आज्जालाच सांगितलं होतं. विद्यापीठातून सुटली की बसथांब्यापासून खोलीपर्यंत ती बर्फातून चालायची आणि चालता चालता फोनवर बोलून त्याला निरोप पाठवायची. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. त्या निरोपांत काय नसायचं? वाचनालयात डुलकी लागून वहीवर गाल टेकला ते, शनिवार-रविवारी हॉटेलात भांडी घासताना हाताची सालं निघाली ते. इथं कुणी मोठ्यानं बोलत नाही आज्जा, म्हणून मधेच कुणीतरी हाक मारली असं वाटतं आणि मी मागं वळून बघते, असलंही काहीबाही. आणि दर वेळी त्याचं उत्तर यायचं, थोडक्यात आणि खणखणीत. ब्येस. पोटभर जेव. कुणाला भिऊ नगंस.

जगात एकच माणूस तिचं सगळं ऐकून घेत होता आणि मधे तोंड घालत नव्हता. त्याच्या जिवावर तिनं दोन हिवाळे काढले होते.

आणि आता कळत होतं की ते सगळं चव्हाट्यावर आलं होतं. शरमेनं तिला कुठं तोंड लपवू असं झालं. रागही आला, असा की गिलास तिथंच ठेवून तडक निघून जावं.

"तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

उत्तर द्यायला गणपतराव पुढं झाले. हे एसटीतले निवृत्त कंडक्टर. मागच्या दारातून ओरडले की ड्रायव्हरला घंटी लागायची नाही, असा त्यांचा लौकिक. तिला ते लहानपणापासून ओळखत होते.

"तूच सांगितलंस की," ते म्हणाले. "रोज सकाळी हंबीरराव फोन माझ्या हातात देतो. मी लावतो, समदी ऐकत्यात, मग काय म्हणतीस ते मी त्येच्या कानात सांगतो."

"कानात कशाला सांगायचं? तो ऐकतोच की."

गणपतराव गप्प झाले. कोल्हापुरात गप्प बसलेला माणूस दिसला की समजावं, काहीतरी भलतंच आहे.

"तुला म्हाईत न्हाय व्हय?" ते म्हणाले. "त्येला ऐकू येत न्हाय बाळ. तू गेलीस त्या सालीच गेलं. डाव्या कानात तोंड घालून बोंब मारली तर थोडंफार जातंय. फोनवरचं तर कायबी न्हाय."

हे सगळं ते नेहमीच्या आवाजात बोलत होते आणि हंबीरराव चार हातांवर पाठमोरे उभे होते. क्रांतीला ते खरंच वाटेना. कालपासून तर आज्जा तिच्याशी अखंड बोलत होता. विमानतळापासून घरापर्यंत त्याची टकळी थांबली नव्हती. नवा पूल, जुनी गटारं, महापालिका, सगळं झालं. आणि मग तिच्या ध्यानात आलं की कालपासून बोलत तोच होता. तिनं विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर आलं नव्हतं. या गावात सगळेच मोठ्यानं बोलतात, त्यात बहिरा कोण हे कळायचं कसं?

"आज्जा," तिनं हाक मारली.

म्हशीनं मान वळवली, कृष्णातनं वर बघितलं. आज्जा हलला नाही.

"आज्जा," ती पुन्हा म्हणाली, या वेळी चांगली मोठ्यानं. हंबीररावांनी खिशातून रुमाल काढला, निवांत मिशा पुसल्या आणि पुन्हा धार बघायला लागले.

क्रांती कट्ट्याच्या कडेला मटकन बसली.

"घरात का नाही सांगितलं त्यानं?"

"सांगितलं तर पोरगा वारणेला घिऊन जाईल. आनी तू बोलायची बंद हुशील. ऐकू येत न्हाय म्हणल्यावर कोण बोलतंय बहिऱ्याबरूबर? आमाला शपथ घातलती त्येनं."

इथवर सगळं दुःखाचं होतं, पण सोसण्यासारखं होतं. खरा धक्का पुढंच होता, आणि तो क्रांतीला आपोआप लागला, कुणाला द्यावा लागला नाही. तिला फेब्रुवारीतला निरोप आठवला.

त्या दिवशी ती थांब्यावर उभी होती आणि तिनं दोन बस सोडून दिल्या होत्या. दोन विषयांत ती दुसऱ्यांदा नापास झाली होती. अर्ज केलास तर आणखी एक सत्र देऊ, नाहीतर स्वतःहून सोड, असं विद्यापीठानं तिला सांगितलं होतं. रडत रडत ती फोनवर बोलली होती. आज्जा, मला झेपत नाही. राहू की येऊ, तुम्हीच सांगा. उद्या मी सोडते म्हणून सांगणार आहे. तुम्ही नको म्हणालात तर नाही सांगणार.

खोलीवर पोचेपर्यंत उत्तर आलं होतं. ब्येस केलंस. लई ब्येस केलंस. पोटभर जेव.

दुसऱ्या दिवशी तिनं शिक्षण सोडलं. आईवडिलांना वाटत होतं पोरगी सुट्टीला आलीय. आज्जाला सगळं माहीत आहे आणि त्याला मान्य आहे, एवढ्याच आधारावर ती विमानात बसली होती.

"गणपतकाका," ती म्हणाली, "फेब्रुवारीत मी नापास झाल्याचं सांगितलं होतं. ते तुम्ही त्याला सांगितलंत?"

गणपतराव जमिनीकडं बघायला लागले. आजूबाजूच्या दोघांतिघांनी एकदमच आपापले गिलास तोंडाला लावले.

"आदल्या दिवशी त्येला चक्कर आलती," ते म्हणाले. "हितंच पडलता. म्हणलं, चार दिवस जाऊ देत, मग सांगू. तवर म्हणलं, पोरगी म्हणती शेवटची परीक्षा झ्याक गेली. मग त्येनं लगीच उत्तर धाडलं तुला. आमी समदी हुतो. पुढं कुणाचं धाडसच झालं न्हाय."

"मी त्याला विचारलं होतं, काका. मी त्याच्या उत्तरावर सोडलं सगळं."

"आमाला वाटलं तू ठरीवलंयास."

आता या माणसांवर चिडायचं तरी कसं? त्यांनी तिचा एक शब्द बाहेर जाऊ दिला नव्हता. हीटरची काळजी त्यांनी केली होती. आणि त्यांनीच म्हाताऱ्याचा जीव सांभाळायला एक गोड थाप मारली होती, ज्या थापेपायी तिचं शिक्षण सुटलं. क्रांतीला हसावं की किंचाळावं कळेना.

तेवढ्यात हंबीरराव वळले. नात बसलेली बघून त्यांचा चेहरा फुलला. "उठ, उठ," ते ओरडले, "सयाजी आला बघ फेटा घिऊन."

सयाजी तालमीतला, गल्लीतले सगळे फेटे तोच बांधायचा. त्याच्या मागून दोघांनी डिजिटल फलक आणून विजेच्या खांबाला टेकवला. त्यावर क्रांतीचा फोटो, मागं कॅनडाचं लाल पान, आणि खाली लिहिलेलं, 'कॅनडाचं शिक्षण जिंकून आलेल्या आमच्या गल्लीच्या वाघिणीचं जंगी स्वागत'. शुभेच्छुक म्हणून एकच नाव होतं, हंबीररावांचं.

तिनं गणपतरावांकडं बघितलं. त्यांनी हात जोडले. आज निभावून ने, असं त्यांचे डोळे म्हणत होते.

सयाजीनं भगव्या फेट्याचं टोक तिच्या खांद्यावर सोडलं आणि पहिला वेढा घातला. समोर आज्जा शाल आणि नारळ घेऊन उभा होता. दोन वेढे झाले. तिला वाटलं, नेऊ या निभावून. संध्याकाळी सांगू, उद्या सांगू, चार दिवसांनी सांगू. आणि हेच चार दिवस गणपतकाकांनीही म्हटलं होतं, हे आठवून तिनं सयाजीचा हात धरला.

"थांबा."

अर्धवट बांधलेला फेटा एका हातानं धरून ती आज्जाजवळ गेली. त्याचं डोकं वाकवलं आणि डाव्या कानाशी तोंड नेलं. जे तिनं परदेशात रस्त्यावर, मफलरआड, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं सांगितलं होतं, ते आता अख्ख्या गंगावेशीला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं होतं.

"मी नापास झाले," ती ओरडली.

म्हैस बिचकली. कडेला बसलेली फुलवाली हातातला हार टाकून बघायला लागली.

"शिक्षण सोडलं. परत जाणार नाही."

हंबीररावांनी सावकाश मान वर केली. नारळ त्यांच्या हातातून कृष्णातनं काढून घेतला. त्यांनी एकेका माणसाकडं बघितलं आणि एकाचीही नजर वर नव्हती, तेव्हा त्यांना कळायचं ते कळलं.

"मला सांगितलतंस?" त्यांनी क्रांतीला विचारलं.

तिनं होकाराची मान हलवली.

"आनी मी काय म्हणलो?"

"ब्येस केलंस म्हणालात. पोटभर जेव म्हणालात."

आज्जा कट्ट्यावर बसला. क्रांतीला भीती वाटली, चक्कर येते की काय. गणपतराव पुढं झाले, तर त्यानं हातानंच त्यांना मागं सारलं.

"काय इचारलतंस मला?" तो म्हणाला. "पुन्यांदा इचार. मला अजून कुनी इचारलंच न्हाय."

तिनं कानाशी तोंड नेलं. ती ओरडली, "मला झेपत नाही आज्जा. राहू की येऊ?"

त्यानं तिच्या फेट्याचं लोंबणारं टोक हातात घेतलं.

"मला त्यातलं कळत न्हाय," तो म्हणाला. "ऱ्हा म्हणलो असतो का ये म्हणलो असतो, खरंच म्हाईत न्हाय. पर ब्येस केलंस म्हणलो नसतो. रात सारी जागा ऱ्हायलो असतो तुझ्यासंगं."

क्रांतीला रडू कोसळलं. फेट्याचे दोन वेढे सुटून तिच्या गळ्यात आले. फेब्रुवारीपासून ज्या एका शब्दावर ती उभी होती तो कधी तिचा नव्हताच, आणि हा जो आत्ता मिळाला तो आता उपयोगाचा नव्हता. तरी तिनं आज्जाचा हात घट्ट धरला.

त्यानं रुमालानं तिचं तोंड पुसलं, स्वतःचंही पुसलं. मग डावा कान तिच्याकडं करून म्हणाला, "आता पयल्यापासनं सांग. उतरल्या दिवसापासनं. कायबी वगळू नगंस."

क्रांतीनं नाक ओढलं, आणि ओरडून सांगायला सुरुवात केली की पहिल्या दिवशी तिला विमानतळावरून जायची बसच सापडली नव्हती.