आट्यांवर बसवलेला जिना

आमचा मामा लेथवर टर्नर. लोखंडाच्या दांड्याला आटे पाडण्यात त्याचा हात असा बसलेला की, हा पठ्ठ्या सुतळीलासुद्धा आटे पाडील असं त्याचे सोबती म्हणायचे. आणि त्यांना थापा मारायची सवय नव्हती. ती आमच्या घराण्यात आहे.

घरातली कुठलीही वस्तू दिसली की मामाची शिकवणी सुरू. "सुरी म्हणजे पाचर. कात्री म्हणजे दोन तरफांचं लग्न. आणि स्क्रू म्हणजे खांबाला गुंडाळलेला उतार!"

"आणि नवरा म्हणजे?" मामी विचारायची. शिकवणी तिथे संपायची.

गच्चीवर जायला मामाने स्वतःच्या हाताने गोल जिना केला. मधे जाडजूड खांब, त्याभोवती वीस पायऱ्या. खांब पक्का करायला आलेला वेल्डर म्हणाला, "दोन टाके मारून टाकू?"

"वेल्डिंग म्हणजे लोखंडाला लावलेला डिंक!" मामा कडाडला. त्याने खांबाच्या बुडाला पुरुषभर लांबीचे आटे पाडले, जमिनीत तेवढाच खोल नट पुरला, डबाभर ग्रीस चोपडलं आणि अख्खा जिना बरणीच्या झाकणासारखा फिरवून घट्ट बसवला. जुनी शिडी त्याच दिवशी भंगारात गेली.

पहिला चढण्याचा मान मामीचा. दुपारी तीनला ती ऐटीत वर गेली. चारला तिची गाडी चालवायची परीक्षा होती. दोनदा नापास झालेली, शिकाऊ परवान्याचा शेवटचा दिवस. आज हुकलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिकवणारे सर फाटकाशी गाडी घेऊन हॉर्न वाजवत होते.

चढणाऱ्या पायांनी जिना आवळला जात होता, म्हणून तो गप्प होता. मामी उतरायला लागली आणि आटे सैल झाले. ती एक पायरी खाली आली, जिना गर्रकन फिरून एक पायरी वर गेला! सात पायऱ्या उतरली तरी पाण्याची टाकी आपली नाकासमोरच. खालची पायरी मात्र जमीन सोडून मामाच्या छातीशी आलेली.

"अगं, थांब! आटे संपले तर जिना उपटून येईल!"

"मी उतरतेय की चढतेय, तेवढं सांगा आधी!"

"दोन्ही!"

मामी टर्नरची बायको, वीस वर्षं शिकवणी ऐकलेली. कठडा धरून ती ओरडली, "उतरल्यावर सुटतो ना? मग चढल्यावर आवळेल. चढा तुम्ही! मी हलत नाही."

मामा स्टूल लावून लोंबकळत पायरीवर आला आणि चढू लागला. तो चढतोय आणि जिना खाली चाललाय! मामी जागच्या जागी उभी, राणीसारखी गोल गोल फिरत सात पायऱ्या खाली आली. जिना जमिनीला टेकला.

"आता दोघं बरोबर," मामी म्हणाली. "तुम्ही एक चढा, मी एक उतरते. एक... दोन... अहो, घाई नको!"

जिना जागचा हलला नाही. पण मधोमध दोघं समोरासमोर आले, आणि पायरी एकाच माणसाच्या मापाची. दोघांचीही अंगं भरलेली.

"पोट आत घ्या."

"आतच आहे."

"मग बाहेरचं कुणाचं?"

शेवटी दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि अर्धा फेरा घेतला. सरांनी भलतीकडे बघून हॉर्न दिला. दहा पायऱ्यांनंतर मामी जमिनीवर, मामा गच्चीवर.

"आता मी कसा उतरू?" मामा केकाटला.

"मी आले की चढेन ना!" म्हणत मामी पळाली.

पाच वाजता गाडी फाटकाशी आली. स्टिअरिंगवर मामी, शेजारी घाम पुसणारे सर. खिडकीतून कागद फडकला.

"पास!"

मामाने गच्चीवर अशा उड्या मारल्या की कबुतरांनी घर बदललं. "ये, चढ लवकर!"

"चढते हो! एकच चक्कर मारून येते," मामी म्हणाली आणि गाडी वळवली.

एकच म्हणाली होती. मामाने गच्चीवरून मोजल्या, अकरा झाल्या. प्रत्येक वेळी ती फाटकाशी आली की मामा एक पाय पायरीवर ठेवायचा, ती हात हलवून पुढे जायची, आणि मामा पाय उचलून टाळ्या वाजवायचा.