आईच्या खात्यावरून

"बाई, ॲपवर आलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आईच्याच खात्यावरून आलाय मेसेज. सोडा मुलीला."

शिशुवर्गाच्या बाई दारातून हलल्या नाहीत. शाळेनं हातात टॅबलेट दिला तेव्हापासूनच त्यांच्या मनात त्या वस्तूबद्दल अढी होती. मुलं जेवली का, झोपली का, हसली का, सगळं त्यात भरायचं. पालकांचे निरोपही त्यातच यायचे. पूर्वी निरोप घेऊन माणूस यायचं. खोटं असलं तर चेहऱ्यावर दिसायचं. आता नुसती अक्षरं. ती कुणाच्या बोटांतून उतरली, कुणी सांगावं?

आजची अक्षरं तर त्यांना मुळीच पटत नव्हती. 'कृपया मुलीला तिच्या मामासोबत पाठवावे.' हिची आई 'कृपया' लिहिणाऱ्यांतली नव्हती. 'बाई, डबा खाल्ला का हो तिनं,' असं लिहायची ती.

मामा म्हणवणारा माणूस व्हरांड्यात घामाघूम उभा होता.

"अहो, मीच टाइप केलं ते, तिच्या फोनवरून. ती दवाखान्यात आईजवळ बसलीय. आईचं काही खरं नाही. जरा लवकर करा ना!"

"तिला फोन लावा."

त्यानं लावला. मग बाईंनीही लावून पाहिला. रिंग वाजून वाजून थांबली.

"आत आवाज बंद ठेवायला लावतात," तो म्हणाला.

"मुलीला घरी काय म्हणतात?"

नकट्या नाकावरून आजी तिला 'बटण' म्हणायची, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. तो मात्र गडबडला. "मी परगावी असतो हो. आज सकाळीच आलोय."

मुलगी बाईंच्या कमरेला बिलगली होती. "ओळखतेस का गं यांना?"

तिनं जोरात मान हलवली. नाही.

"मग विषय संपला. आई येईपर्यंत मुलगी माझ्याजवळ राहील."

"तुम्ही ना, उगाच साऱ्या जगावर संशय घेता!" मुख्याध्यापिका वैतागल्या. पण बाईंनी मुलीला कडेवर घेतलं होतं, आणि ती मिठी सोडवायची कुणाची छाती झाली नाही. माणसानं आधी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला, मग फाटकाकडे धावत सुटला. बाईंना हायसं वाटलं. मनात काळंबेरं नसेल तर माणूस इतकी घाई कशाला करेल?

शाळा सुटली. मुलगी सतरंजीवर झोपून गेली. अंधारून आल्यावर आई आली, त्याच माणसाचा हात धरून.

बाईंना काय ते एका नजरेत कळलं.

"गेली आई," ती म्हणाली. "शेवटपर्यंत विचारत होती, बटण आलं का माझं, आलं का."

बाई झोपलेल्या मुलीकडे बघत राहिल्या. वर्ग कुणावर तरी सोपवून आपणच मुलीला घेऊन त्याच्याबरोबर का गेलो नाही? एवढंही सुचू नये?

"मला वाटलं..." त्या म्हणू लागल्या.

मामानं तोंड फिरवलं. आईनं झोपलेल्या मुलीला खांद्यावर टाकलं आणि ती दारात थांबली.

"तुमचं चुकलं, असं नाही म्हणता येत मला. पण आज तुमच्याशी बोलवत नाहीये, बाई."

पुढच्या आठवड्यात टॅबलेटवर निरोप आला. 'उद्यापासून मुलगी शाळेत येईल.' खाली बरोबरची खूण दाबली की काम भागत होतं. बाई कितीतरी वेळ ती अक्षरं न्याहाळत बसल्या. आजीचं विचारायलाच हवं, ते असं लिहून कसं विचारणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि फोन लावला. खरं कारण त्यांचं त्यांना माहीत होतं.

पलीकडे फोन उचलला गेला.

"मीच लिहिलंय, बाई," आई म्हणाली.