साहेबांचा 'ऑफिशिअस'

पाणी तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी कधी हलल्या नाहीत: जुन्या तराजूचा काटा आणि साहेबांचं इंग्रजी. माझं कंत्राट महिनाअखेर संपत होतं. नव्या नोकरीसाठी शिफारसपत्र हवं होतं, तेही साहेबांच्याच सहीचं. साहेबांनी सासऱ्यांचा जाडजूड शब्दकोश काढला, दुपारभर घाम गाळला आणि लिहिलं, की मी 'अत्यंत ऑफिशिअस' आहे.

"सर, याचा अर्थ होतो लुडबुड करणारी. न विचारता नाक खुपसणारी."

"सेवातत्पर!" त्यांनी पानावर बोट आपटलं. "हे बघ, छापलंय."

छापलं होतं खरं. शेजारी बारीक अक्षरांत 'जुना अर्थ' असंही छापलं होतं. तेही मी दाखवलं.

"जुना म्हणजे मुरलेला. तू मला इंग्रजी शिकवू नकोस, बाळ."

मग मी एक प्रयोग केला. शब्द स्वतःला लागला की टोचेल, असं माझं गृहीतक. त्यांच्या दारासाठी नव्या पाटीचा मजकूर लिहून दिला: 'आमचे ऑफिशिअस प्रमुख'. साहेबांचे डोळे पाणावले. चार दिवसांत पितळी पाटी लागली. पाहुणे ती वाचून खोकत. साहेब लगबगीनं त्यांना पाणी देत. तपासलेलं.

"शब्द खोडायला गेलीस आणि पितळेत कोरून आलीस," बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या. "हुशार हो!"

मुलाखतीला तेच पत्र नेलं. समोरच्या बाईंनी वाचून चष्मा खाली सरकवला. "तुम्ही फार लुडबुड करता का हो?"

"छे! पत्रात जुना अर्थ आहे, सेवातत्पर. मी साहेबांना तीनदा सांगितलं, शब्दकोश दाखवला, पाटीसुद्धा…" पाटीचंही सांगून झालं. "आणि मॅडम, तुमच्या अर्जात जन्मतारीख दोनदा विचारलीय. तो तापमापकही उन्हात टांगलाय, चार अंश तरी जास्त दाखवत असेल."

बाईंनी पत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग तापमापकाकडे. 'ऑफिशिअस'खाली पेन्सिलीनं रेघ मारली.

"तुमच्या साहेबांचं इंग्रजी चोख आहे. सोमवारी या. तीन वर्षं त्या तापमापकाचे आकडे आम्ही निमूट लिहून घेतोय."

बातमी सांगायला गेले तेव्हा साहेब पाटीवर फडकं मारत होते.

"काय, पटला ना शब्द?"

"पटला, सर," मी म्हणाले. "दोन्ही अर्थांनी."