शेवटच्या अक्षराची शेपटी

…आणि भिंगाखाली ती शेपटी अजून तिथेच होती. वस्तऱ्याच्या मानेवर, पातं मुठीत शिरतं तिथे, मागच्या बाजूला केसाएवढी तिरपी रेघ. मॅव्हिसने वस्तरा खिडकीच्या उजेडात कलता धरला. गंज नाही, ओरखडा नाही, ठोकलेल्या अक्षराचाच उरलेला तळ. वाय. इंग्लंडच्या शेवटी वाय येत नाही, शेफील्डच्याही नाही — जर्मनीच्या येतो.

पुढच्या बाजूला आजोबांचं नाव ठसठशीत: ऑझवल्ड पिकरिल. म्हणजे पाती तिकडून मागवून आजोबांनी नुसतं नाव… छे. पुन्हा भिंग. पुन्हा शेपटी.

समोर डॅड टोस्टला लोणी लावत होते. जन्मभर शेफील्डच्या कारखान्यात पाती घासलेला, आता नव्वदीतला माणूस. दुपारी प्रदर्शनात हा वस्तरा मांडायचा होता. ते सकाळपासून कोट घालून तयार.

"चिठ्ठी लिहिलीस का गं पोरी? की तुझ्या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेची परवानगी लागते?"

"लिहितेय."

"लिही, ऑझवल्ड पिकरिलनं घडवला. आणि खाली लिही, जर्मन वस्तऱ्यानं हे लोणीसुद्धा कापलं जायचं नाही."

हा विनोद ती लहानपणापासून ऐकत होती. ठसे वाचायलाही त्यांनीच शिकवलं होतं — नाव पुढे, देश मागे. मागे खळगा लागला तर समजावं, कुणीतरी काहीतरी पुसलंय… मग घरातल्याच वस्तऱ्यावरचा हा खळगा त्यांच्या अंगठ्याला कधी लागला नाही?

तिने भिंग खळग्यावर सरकवलं. कानशीचे बारीक ओरखडे, सगळे एका बाजूला झुकलेले. उलट्या बाजूला. उजव्या हाताने असे येत नाहीत. तिने वर पाहिलं. लोण्याची सुरी डॅडच्या डाव्या हातात होती.

"काय एवढं बघतेस?"

"काम सफाईचं आहे, डॅड."

सुरी थांबली. "कुणाचं?"

चिठ्ठीवर 'घडवणारा' एवढंच लिहून झालं होतं. कुणाचं… पुसणाऱ्यांचा तिला नेहमी राग यायचा. तो पुसणारा असा टोस्टच्या पलीकडे, कोटाची सगळी बटणं लावून बसलेला असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. आणि सगळं घासून तो शेवटच्या अक्षराशीच का थांबला — डोळे थकले, की हात?

तिने अंगठा खळग्यावर ठेवला. पॉलिश पेपरचा डबा कोपराजवळच होता. दोनदा हात फिरवला की शेपटी जाईल, फार तर तीनदा — आणि हा हिशोब आपण केव्हापासून करतो आहोत, हे तिला आठवेना.